एका पाटाचं पाणी

१२ ऑक्टोबर १९५५

आमचे हेडमास्तर आबाजी म्हणतात, "सोजराबाई, मार्चमध्ये एस. एस. सी.ला बसायचं तर रोज एक पान इंग्रजीत लिहा. रोजनिशी लिहा, हात बसेल." वही घेतली. पण आज जे मनात आहे ते इंग्रजीत मावणारं नाही, म्हणून मराठीतच लिहिते. त्यांनी वही तपासायला मागितली तर देणार नाही.

ज्योतीराम गेला. माझा नवरा वारल्यापासून आमच्या मळ्यात गडी म्हणून राबला आणि काल सकाळी सांगून मोकळा झाला की पिंपरीकडे नव्या कारखान्याचं बांधकाम निघालंय, तिकडे कामाला लागतो. उद्धवरावांनी चिकटवून दिलं म्हणे. उद्धवराव मजूर पुरवतात, त्यांना माणसं लागणारच. त्यांना दोष देत नाही.

उद्या गुरुवार, पाण्याची पाळी माझी. ज्योतीराम नाही तर मी जाईन. सकाळची शाळा आटोपून, पदर खोचून, फावडं घेऊन. वाडीतल्या मुलांना सतराचा पाढा शिकवते, मला काय पाण्याची दारं धरता येत नाहीत?

१३ ऑक्टोबर

टाक कागदात रुततोय. रागाने. भीतीने नव्हे, हे इथे लिहून ठेवते.

आमच्या ओढ्याच्या बांधावरून पाट निघतो, त्याचं पाणी आम्ही आता तिघंच घेतो. माझे चुलत दीर भिमाजी, मग मी, मग सयाजी, आणि फिरून भिमाजी भावजी. बाकीच्यांनी जमिनी विकल्या. पाटाच्या तोंडाशी दगडी खाचेत लाकडी फळी आहे, त्याला आम्ही दार म्हणतो. रीत अशी की पाणी आपल्या हाताने घ्यायचं नाही. मागच्या पाळीवाल्याने दार फिरवून म्हणायचं, "घ्या पाणी." पुढच्याने म्हणायचं, "घेतलं." घरात मयत असो, कोर्टात खटला असो, हे दोन शब्द चुकत नाहीत. न देता घेतलं तर ती चोरी.

मी दारावर जाऊन उभी राहिले. भावजी फळीला हात लावून होते. मला बघून त्यांनी हात काढून घेतला.

"गडी कुठाय?"

"गेला. मी आलेय. द्या पाणी."

"वैनी, बाईमानसाला दारावर पानी देत न्हाईत. आजवर कुनी दिलं न्हाई. मानूस धाडा."

"माणूस म्हणजे काय असतं भावजी? मी कोण आहे?"

ते फावडं खांद्यावर टाकून चालू लागले. दार तसंच बंद. पाणी बांधावरून सांडून ओढ्याला जात राहिलं. फळी उचलायला दोन बोटं पुरली असती. नाही उचलली. उचलली असती तर उद्या वाडीभर झालं असतं की मास्तरीण पाणी चोरते. मी देऊनच घेणार. दिवस बुडेपर्यंत तिथे उभी राहिले आणि घरी आले.

१७ ऑक्टोबर

सयाजी भला माणूस. म्हणाला, "मी मदी येतो. भिमाजी मला देईल, मी तुमाला देतो. पाळी मागंपुढं झाली तर काय बिघडतंय?" म्हणजे वांगी वाचली. सयाजीने मला "घ्या पाणी" म्हटलं तेव्हा खाली बघून, लाजत म्हटलं. पण म्हटलं.

भावजींना हे चालतं! माझ्याच पाटात, माझंच पाणी, मध्ये एक मिशी आली की सोवळं होतं.

२० ऑक्टोबर

उद्धवराव घरी येऊन गेले. ओट्यावर बसून चहा घेतला. वाडीत एक तरी माणूस आहे ज्याला माझा अपमान दिसला. म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. हे गावठी लोक असेच. कोर्टात जा. वकिलाचं मी बघतो, तुम्ही चिंता करू नका." मी म्हटलं, तुम्हाला का त्रास? तर म्हणाले, "अन्याय बघवत नाही."

जाताना त्यांनी विचारलं की भिमाजी जमीन विकायचं बोलतो का. मी म्हटलं, तो मरेल पण विकायचा नाही, इतका हटवादी आहे. त्यावर ते "हं" म्हणाले आणि मान हलवत ओट्यावरून उतरले. माझ्या बाजूने त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं.

३ नोव्हेंबर

एस.टी.ने पुण्याला वकिलांकडे. कोट, चष्मा, टेबलावर फायलींचा ढीग. माझं म्हणणं अर्धवट ऐकलं आणि कारकुनाला सांगू लागले, हे यांचे रायव्हल, यांच्या रायव्हलचं म्हणणं असं. रायव्हल म्हणजे काय ते विचारायला जीभ रेटेना. इंग्रजीचा पेपर देणारी बाई मी. मान हलवत राहिले.

५ नोव्हेंबर

शाळेच्या कपाटातला जाडा शब्दकोश काढला. रायव्हल. अर्थ सरळ आहे: प्रतिस्पर्धी, चढाओढ करणारा. तो मीही ओळखला असता. पण खाली बारीक अक्षरात शब्दाचं मूळ दिलंय. लॅटिनमध्ये रीव्हस म्हणजे ओढा, ओहोळ. त्यावरून रीव्हालिस, म्हणजे ज्याच्याबरोबर आपण एकाच ओढ्याचं पाणी वापरतो तो. त्यावरून रायव्हल.

मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. हे रोमन लोक आमच्या पाटावर कधी येऊन गेले?

आबाजींना दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "बघा बाई, इंग्रजांनी शब्द घेतला आणि त्यातला ओढा विसरले. मूळचा अर्थ किती गोड आहे. तुम्ही दोघं एका पाण्याची माणसं."

गोड! आबाजींच्या घरात नळ आहे, त्यांना गोड वाटणार. एका पाण्याची माणसं म्हणून तर भांडण आहे. लोणावळ्याच्या माणसाशी मी कशाला भांडेन? मी म्हटलं, सर, आपल्याकडे भाऊबंद म्हणतात आणि भाऊबंदकी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. त्या रोमनांनी शोध लावला असं काही नाही.

मग एनिमी, म्हणजे शत्रू, तोही शोधून काढला. त्याचं मूळ नुसतं "मित्र नव्हे तो". हा शब्द भावजींना जास्त शोभतो. वकिलांनी हा वापरायला हवा होता.

१६ नोव्हेंबर

दिवाळी. जाऊ गोजाबाई, भावजींची बायको, दरवर्षी करंज्या धाडते. यंदा नाही. मीही चकल्या धाडल्या नाहीत. चकल्या फार चांगल्या झाल्या होत्या. एकटीने किती खायच्या?

२९ नोव्हेंबर

नवा कारखाना आमच्या बाजूला सरकणार अशी कुजबुज आहे. आज साखळी घेऊन मोजणीवाले आले आणि रानात खुंट्या ठोकून गेले. उद्धवराव त्यांच्याबरोबर होते. बिचारे, परक्या माणसांना बांधाबांधाने वाट दाखवत होते.

संध्याकाळी बघते तर भावजींनी त्यांच्या रानातल्या सगळ्या खुंट्या उपटून ओढ्यात फेकल्या. आणि माझ्याही! माझ्या रानात पाय ठेवायचा यांना अधिकार कोणी दिला? बांधावरून ओरडले, "भावजी, माझ्या खुंट्यांना हात लावायचा नाही!"

"तुमच्या कशा? तुमी ठोकल्या व्हय?"

मी तरातरा घरी निघून आले. वकिलांना हेही कळवणार आहे.

१५ डिसेंबर

सयाजीने जमीन दिली. उद्धवरावांनी समजूत घातली म्हणे. सयाजी निरोप घ्यायला आला, डोळ्याला डोळा देईना. "पोरांना कारखान्यात लावत्यात," म्हणाला. आता पाटावर दोघंच राहिलो, मी आणि ते.

२२ डिसेंबर

जिंकले! निकाल नाही अजून, पण तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत भिमाजीने पाटाच्या दाराला हात लावायचा नाही, दाराजवळ फिरकायचंही नाही. वकिलांनी सगळं भक्कम लिहून घेतलं होतं, मी फक्त सही केली. उद्धवराव स्वतः पेढे घेऊन आले. शाळेत वाटले. आबाजींनी पेढा घेतला, खाल्ला नाही, कागदात बांधून ठेवला. म्हणाले, जेवणानंतर खाईन.

भावजी हुकूम घ्यायला घराच्या दारात उभे होते म्हणे. आता कळेल बाईमाणूस काय असतं ते.

२९ डिसेंबर

गुरुवार. माझी पाळी.

फावडं घेऊन ताठ मानेने दारावर गेले. दारावर कोणी नव्हतं.

किती वेळ उभी होते माहीत नाही. मग हळूहळू डोक्यात शिरलं. सयाजी गेला. मागची पाळी भावजींची, त्यांना दाराजवळ यायला बंदी, आणि ती बंदी मीच मिळवलेली. मला पाणी द्यायला जगात कोणी उरलेलं नाही. मी पेढे वाटले आहेत.

फळी समोर होती. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. पण कोर्टात मी शपथेवर सांगितलंय की न देता घेणं ही चोरी, मी कधी घेतलं नाही आणि घेणार नाही. ते खरं होतं आणि आजही खरं आहे. वांग्यांनी माना टाकल्या आहेत. पलीकडे भावजींचा गहू पिवळा पडायला लागलाय, कारण सोमवारी त्यांच्या पाळीलाही दार बंदच होतं. आम्ही दोघंही कोरडे, आणि पाणी मजेत ओढ्याला वाहतंय.

रडू आलं. संतापाचं होतं, तरी रडूच ते.

३० डिसेंबर

उद्धवराव आले. या वेळी चहा सांगितला नाही, तरी बसले. "पाट मेला म्हणायचा आता," हसत हसत म्हणाले. "बाई, जिराईत रान घेऊन काय करणार? सही करून टाका. दहा तारखेला प्रांतसाहेब कारखान्यासाठी जागा बघायला येतायत. त्याच्या आत झालं की बरं."

मी विचारलं, आत का?

"तसं काही नाही. वाहता पाट आणि त्यावर वाटेकरी दिसले की हे साहेबलोक बिचकतात, बागायत सोडून द्या म्हणतात. पण तुमच्याकडे आता तो प्रश्नच नाही."

प्याला-बशी आवरायच्या निमित्ताने मी आत गेले आणि चुलीपुढे उभी राहिले. प्याला-बशी बाहेर नव्हतीच. ज्योतीराम कोणी नेला. सयाजीची समजूत कोणी घातली. वकील कोणी दिला. मोजणीवाल्यांना वाट कोण दाखवत होतं. सोजरा, तुला सतराचा पाढा येतो आणि एवढी साधी बेरीज येईना!

बाहेर येऊन म्हटलं, "उद्धवराव, मला विचार करायचाय." पुढे जे तोंडाशी आलं होतं ते मास्तरीणबाईला शोभणारं नव्हतं, म्हणून गिळलं.

१ जानेवारी १९५६

मी भावजींची माफी मागणार नाही. हे आधी लिहिते. त्यांनी मला दारावर माणूस मानलं नाही, ते चूक होतं आणि चूकच आहे. पण माझं भांडण त्यांच्याशी आहे. उद्धवरावांनी ते उचलून स्वतःच्या कामाला जुंपलं. माझं भांडण मी कोणाला वापरायला देणार नाही.

त्या शब्दाचा पुन्हा विचार केला. पाट बुजला की भावजी माझे कोणीच नाहीत. नुसता एक चुलत दीर, कुठेतरी कारखान्याच्या फाटकावर पहारा देणारा. आणि मी कोणाची कोण? आबाजींना यात गोडवा दिसला. मला दिसत नाही. मला एवढंच दिसतं की हा माणूस माझ्या समोर उभा राहिला पाहिजे.

उद्या सोमवार, त्यांची पाळी. सयाजी गेला, म्हणजे त्यांच्या आधीची पाळी माझी होती. मला पाणी मिळालं नाही ही गोष्ट वेगळी. घेणं माझ्या हातात नाही, पण देणं आहे.

२ जानेवारी

दारावर गेले. भावजी हुकूम पाळून लांब बाभळीखाली उभे होते. गोजा बांधावर. मी फळी उचलली, त्यांच्या रानाकडे फिरवली आणि शाळेत हजेरी घेते त्या आवाजात म्हटलं, "घ्या पाणी, भावजी!"

ते जागचे हलले नाहीत. पाणी पाटाने निघालं, त्यांच्या रानाच्या तोंडाशी जाऊन थांबलं, तिथे मातीचा बांध घातलेला होता. "घेतलं" म्हटल्याशिवाय तो फोडायचा नाही.

"बाईच्या हातचं पानी..." ते म्हणाले.

"घरात कोणाच्या हातचं पिता?"

"हुकूम तुमीच आनला. आता पानी तुमीच देताय. येड लागलंय का वैनी?"

"हुकूम तुमच्या हाताला आहे, माझ्या नाही. दहा तारखेला प्रांत येतोय. पाट कोरडा दिसला की दोघांची रानं गेली. मग खुशाल बाईमाणूस-बाप्यामाणूस करत बसा. घेताय का सांगा, नाहीतर दार लावते!"

भावजी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. गोजा बांधावरून खाली उतरली. आजवर मी तिला नवऱ्यासमोर मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं.

"गहू पोटऱ्यात हाय, लोंब्या भाईर पडायच्या हायत, आन् ह्यो मानूस तोंडात मिठाची गुळनी धरून उबा हाय!" असं म्हणून तिने स्वतः फावड्याने बांध फोडला. "घेतलं, जाऊबाई! म्या घेतलं!"

भावजी तोंड उघडून बघत राहिले. खरं सांगायचं तर मीही.

५ जानेवारी

गुरुवार. माझी पाळी. भावजी बाभळीखाली. गोजा दारावर, फळीला हात लावून. हुकुमात तिचं नाव नाही.

"घ्या पानी, जाऊबाई."

"घेतलं."

वांग्यांना पाणी लागलं. भावजी लांबून ओरडत होते, "वाफं तुडुंब भरू नका, मुळ्या कुजत्याल! पानी काय फुकट येतं व्हय?" मी मुद्दाम तुडुंब भरले. घरी येऊन गोजाला चकल्या धाडल्या. त्या दिवाळीच्या नव्हेत, नव्या केल्या.

१० जानेवारी

रजा टाकली. प्रांतसाहेब आले, बरोबर कारकून, आणि उद्धवराव पुढे पुढे. पाटाला पाणी वाहत होतं, भावजींच्या गव्हात जात होतं. उद्धवराव साहेबांना म्हणाले, "हे आजच्या दिवसापुरतं सोडलंय साहेब. दोघांचा दावा चाललाय. पाट बंद आहे, मनाई हुकूम आहे."

साहेबांनी मला विचारलं, "दावा खरा आहे?"

"खरा आहे."

"तुमचं यांच्याशी भांडण आहे?"

"आहे. मोठं आहे."

"मग या पाण्याचं काय?"

मी म्हटलं, "साहेब, भांडण चालू आहे आणि पाटही चालू आहे. पाट मेला असता तर आम्ही भांडलो कशावरून असतो? मेलेल्या पाटासाठी कोणी पुण्याच्या खेपा घालतं का?"

साहेब भावजींकडे वळले. मला धास्ती वाटली. हा माणूस आता काय बोलेल देव जाणे.

भावजी म्हणाले, "बाई लई वंगाळ हाय साहेब. पन पाळी हाय तिची. ह्ये पानी तिनं दिलंया, आमी घेतलंया. आमी दोगं वाटेकरी हाओत."

"आमी घेतलंया!" काल सोमवारीही गोजाच म्हणाली होती, हे नव्हेत. मी साहेबांपुढे मान डोलावली.

साहेब दोन्ही रानांतून फिरले, वाफ्यात बोट घालून ओल पाहिली. कारकुनाला सांगितलं, पाट चालू, वाटेकरी दोन, जमीन बागायत. म्हणाले, निर्णय वरून होईल, पण मी ओढ्याच्या पलीकडची हद्द सुचवतो. उद्धवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. जाताना ते जवळ येऊन म्हणाले, "आज वाचलात बाई. आणखी वर्षभराने बघू."

"बघा की. आम्ही इथेच आहोत, दोघंही."

१८ जानेवारी

पुण्याला जाऊन वकिलांना सांगितलं की दावा मागे घ्यायचा, हुकूम उठवायचा. वकील खूश. कारकुनाला म्हणाले, लिहा, उभय पक्षांत तडजोड झाली असल्याने...

"तडजोड झालेली नाही," मी म्हटलं.

"मग दावा मागे का घेताय?"

"मनाईने ते दारावर येऊ शकत नाहीत. ते आल्याशिवाय मला भांडता येत नाही."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. मग नुसतं "दावा मागे घेत आहे" एवढंच लिहिलं. उद्धवराव काय म्हणतील, असं हळूच विचारलं. मी सांगितलं, ते तुम्ही त्यांनाच विचारा, तुमचे अशील तेच होते.

२६ जानेवारी

सकाळी शाळेत झेंडावंदन. तिथून घरी न जाता तशीच दारावर गेले, चांगलं लुगडं नेसलेली, फावडं आबाजींच्या ओसरीवर आधीच ठेवलेलं.

हुकूम उठलाय. आज दारावर भावजी स्वतः होते. गोजा घरी. आमच्या मध्ये सयाजी नाही, वकील नाही, कोणी नाही. कालपासून मला झोप नव्हती. आज ते पुन्हा फावडं खांद्यावर टाकून निघून गेले तर? तर मी पुन्हा दिवस बुडेपर्यंत उभी राहणार होते, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा. वर्षभर म्हटलं तरी चाललं असतं.

त्यांनी फळी उचलली. माझ्या रानाकडे फिरवली. पाण्याकडे बघत ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

"द्येतोय की पानी."

"काय म्हणायची रीत आहे भावजी?"

त्यांनी वर पाहिलं. मान इतकी लाल झाली होती की वाटलं, आता फळी पाटात आपटतील. मग ते असे ओरडले की ओढ्यापलीकडे कारखान्याच्या बांधकामावरची माणसं टोपल्या खाली ठेवून बघायला लागली.

"घ्या पानी, वैनी!"

"घेतलं."

माझा आवाज फुटला, इतका की मलाच लाज वाटली. ते फावडं उचलून निघाले. दहा पावलांवर थांबून, मागे न बघता म्हणाले, "सोमवारी येळंत सोडा. मागल्या बारीला उशीर केलाय तुमी."

उशीर केला नव्हता. सोमवारी मुद्दाम करणार आहे, मग येऊ देत भांडायला.